उसनं दुखणं

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्याच्या खाली, पहिल्या मजल्यावर, दातांचा दवाखाना होता. याचं मला फार बरं वाटलं. नगरच्या त्या भररस्त्यावरच्या इमारतीत शिरताना मी ओढणीचा बोळा करून गालाला लावायची, दाढ ठणकत असल्यासारखा. पहिला मजला आला की मागे-पुढे बघायचं आणि झटकन वरचा जिना चढायचा. मिस्टर मागून येत. एकदा ते म्हणाले, इथं आपल्याला ओळखणारं कोण आहे? मी म्हटलं, कंपनीतले अर्धे लोक नगरलाच राहतात, कुणीतरी भेटतंच.  पुढच्या वेळी जिन्यात एक ओळखीचा माणूस दिसला तेव्हा त्यांनीच त्याला हाक मारून सांगितलं, दाढ काढायला आलोय. म्हणजे लाज त्यांनाही होतीच.

आम्ही राहुरीच्या जवळ, कालव्याच्या कडेच्या एका गावात राहतो. मिस्टर राहुरीत खता-बियाण्यांच्या दुकानात असतात. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला आहे. कंपनी पाण्याच्या मोटारी बनवते, बोअरमध्ये सोडतात त्या. मी आयटीआय करून वाइंडिंगला, म्हणजे मोटारीत तांब्याची तार गुंडाळायच्या कामाला लागले आणि पुढे टेस्टिंगला आले. टेस्टिंग म्हणजे मोटारीला मुद्दाम जास्त दाबाची वीज द्यायची आणि ती कुठून गळते का ते पाहायचं. पायाखाली रबरी मॅट, हातात रबरी मोजे, पुढे जाळीचं दार. गळत असेल तर भोंगा वाजतो आणि लाल दिवा लागतो. चांगली निघाली की तिच्यावर शिक्का मारायचा. माझ्या शिक्क्याशिवाय मोटार कंपनीच्या बाहेर जात नसे. टेस्टिंगला बसणारी मी पहिलीच बाई. घरी आलेल्या पाहुण्यांना मिस्टर हे न चुकता सांगत.

मला नेमकं काय झालं होतं ते अजूनही नीट सांगता येत नाही. थंडीत सुरुवात झाली. सकाळी डोळे उघडले की छातीवर कुणीतरी काही ठेवून गेल्यासारखं वाटायचं. वेणी घालता घालता रडू यायचं. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवायचं नाही. कंपनीच्या बसमध्ये विळद घाट आला की छाती धडधडायला लागे, श्वास पुरत नसे. घाट तो केवढासा, मी कित्येक वर्षं त्यात झोपून जाते-येते; पण तेव्हा वाटायचं की आत्ता बस थांबवून उतरावं आणि कुठेतरी पळत सुटावं.

आणि याला कारण काही नव्हतं. नवरा समजूतदार, मुलगी अभ्यासात बरी, पगार वेळेवर. घरात कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. कारण असतं तर ते सांगून मोकळी तरी झाले असते. बिनकारणाचं दुखणं म्हणजे चोचले, असंच मी तोवर समजत आले होते. आमच्या शेजारची एक सून अशीच पडून राहायची, तेव्हा मीच म्हटलं होतं की हिला काम लावा. आता मी स्वतः संध्याकाळी चप्पल पायात तशीच ठेवून पलंगावर बसून राहत होते.

मिस्टरांनी दुकानाच्या मालकाकडे चौकशी करून या डॉक्टरबाईंचा पत्ता आणला. बाई शांत होत्या. सगळं ऐकून घेतलं, नैराश्य आहे म्हणाल्या, त्याबरोबर ही धडधड आहे, दोन्हीवर औषध आहे. मी एकच गोष्ट विचारली, माझं विजेचं काम आहे, ते चालेल का? त्यांनी बारीकसारीक विचारलं, मॅट असते का, शेजारी कुणी असतं का, झोप कशी लागते. सुरुवातीला थोडी रजा घ्यायला लावली. मग एके दिवशी म्हणाल्या, आता जा, कामाने उलट बरं वाटेल. मी गेले. आणि खरंच, हळूहळू, उन्हाळा लागेपर्यंत घाटातली धडधड कमी झाली.

पण तोवर मला दुसरंच एक दुखणं चिकटलं होतं.

वाइंडिंगला आमच्याबरोबर एक वयाने मोठ्या बाई आहेत. नगरच्याच, जुन्या वस्तीतल्या. सगळी कंपनी त्यांना आपा म्हणते, साहेबसुद्धा. मी नवी होते तेव्हा तार कशी ताणायची ते त्यांनीच मला हात धरून शिकवलं. डबा आम्ही एकत्र खायचो. त्यांच्या डब्यातली खिचडी आणि आमच्या घरची शेंगदाण्याची चटणी, हे ठरलेलं. रजेवरून आल्यावर त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. चेहरा सुजलाय, म्हणाल्या, सारखी पेंगतेस, वजनही वाढलंय. मग खाली वाकून हळूच विचारलं, "थायरॉईड निघाला का गं?"

मी हो म्हटलं.

इतकं सोपं होतं ते. त्यांना स्वतःला बरीच वर्षं थायरॉईड होता. त्यांनीच नाव पुढे केलं आणि मी ते घेऊन टाकलं. कुणी विचारलं की सांगायला एक सभ्य दुखणं मिळालं. रजा का काढली, थायरॉईड. गोळी कसली, थायरॉईडची. डोळे का भरून आले, थायरॉईडने होतं असं. आपांनी मनापासून माझं सगळं अंगावर घेतलं. गोळी उपाशीपोटी घे, नंतर लगेच चहा पिऊ नको, कोबी कमी खा. धन्याचं पाणी कसं करायचं ते सांगितलं. आपले केस कसे गळले, धाकट्या मुलाच्या लग्नात फोटो काढायला कसं नको वाटलं, ते सांगितलं. हे त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नसावं. माझा रिपोर्ट कसा आला म्हणून विचारत. मी मोबाईलवर बघून आकडे पाठ करून जायची. धन्याचं पाणी तर मी खरोखर प्यायला लागले होते. न प्यावं तर खोटं दुप्पट वाटायचं.

घरी सासूबाईंचं अगदी उलटं. त्यांना मिस्टरांनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. डेअरीवर दूध घालायला बायका उभ्या असायच्या आणि मी बसला निघालेली दिसले की सासूबाई तिथूनच विचारायच्या, गोळी घेतली का? कुणी विचारलं कसली गोळी, तर सांगायच्या की हिला मनाचा तरास हाय. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, मीही तसंच म्हणते. एकदा मी त्यांना अगदी हात जोडून म्हटलं, आत्या, बाहेर विचारलं तर बी.पी. सांगत जा. त्या म्हणाल्या, "बी.पी. मला हाय की. तुला कशाला पायजे?"

मे महिन्यात ते घडलं. आमच्या शॉपला, म्हणजे कामाच्या शेडला, वर पत्रा आहे. दुपारी तो असा तापतो की खाली मोटारीला हात लावला तरी चटका बसतो. त्या दिवशी मी सकाळी न खाताच निघाले होते. जेवणाच्या सुट्टीला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा प्रथमोपचाराच्या खोलीत होते. आपा माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, ओल्या रुमालाने तोंड पुसत होत्या. आमचे प्रोडक्शनचे साहेब दारात उभे होते, त्यांच्या मागे वाइंडिंगच्या बायका. कंपनीत आठवड्यातून काही दिवस एक डॉक्टर येतात, ते नेमके त्या दिवशी होते. त्यांनी विचारलं, काही औषधं चालू आहेत का? मी उठायला गेले. माझ्या आधी आपाच बोलल्या. हिला थायरॉईड आहे, गोळी पर्समध्ये असते, मी देते.

त्यांनी पर्स उघडली, आतल्या कप्प्यातलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. मला आजही त्यांचा हात दिसतो. किती काळजीने शोधलं त्यांनी ते.

डॉक्टरांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाले, "ही थायरॉईडची नाही. ही मानसिक आजाराची गोळी आहे. कधीपासून चालू आहे?"

त्यात त्यांची काही चूक होती असं मला वाटत नाही. डॉक्टरने विचारायला हवं तेच त्यांनी विचारलं. पण दार उघडं होतं. मी डोळे मिटून घेतले, परत चक्कर आल्यासारखे. आपांची मांडी माझ्या डोक्याखाली तशीच होती, पण रुमाल थांबला होता.

संध्याकाळचा चहा येईपर्यंत शॉपमध्ये सगळ्यांना कळलं होतं.  बसमध्ये माझ्या शेजारी रोज बसणारी बाई त्या दिवशी मागे जाऊन बसली, आणि तिने मुद्दाम सांगितलं की पुढे ऊन लागतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नाहीत. खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, "ताई, काही दिवस पॅकिंगला बसा. तिथं ताण नाही. इथं करंटचं काम आहे, उद्या काही झालं तर मला उत्तर द्यावं लागेल." माझ्या डॉक्टरबाईंनी काम करायला सांगितलंय हे माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगायचं तर डॉक्टर कसल्या तेही बोलावं लागलं असतं. मी बरं म्हटलं. वर थँक्यू सर म्हटलं. ते थँक्यू मला अजून टोचतं.

पॅकिंगचं काम सोपं आहे. मोटार खोक्यात बसवायची, थर्माकोल लावायचा, टेप मारायची, लेबल चिकटवायचं. तिथे हंगामी पोरी होत्या, बहुतेक पारनेरकडच्या, माझ्याहून खूप लहान. त्या मला काकू म्हणत आणि फार जपून वागत. पहिल्या दिवशी मी टेप कापायला कटर उचललं तर एकीने ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं. राहू द्या काकू, मी कापते. मला वाटलं मदत करतेय. मग रोजच तसं व्हायला लागलं. मी टेप ओढायची आणि दुसरीच कुणीतरी कापायची. कटर कुणी मागे ठेवून देत होतं. जिने रोज इतक्या दाबाची वीज हाताळली, तिच्या हातात दोन बोटांएवढं पातं द्यायला लोक भीत होते. मी कधी मागितलंही नाही. मागितलं असतं तर ते कशासाठी मागतेय, यावरही विचार झाला असता.

मग माझ्या लक्षात आलं की मी स्वतःवर नजर ठेवायला लागले आहे. विनोदावर हसले तर जास्त हसले का? गप्प बसले तर कुणी बघतंय का? एकदा लेबल उलटं लागलं. लेबल सगळ्यांचीच उलटी लागतात. पण माझं लागलं तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि त्यातल्या एकीने ते काढून सरळ केलं, लहान मुलाचं बटण लावून द्यावं तसं. मला टेस्टिंगचा भोंगा पॅकिंगमध्ये ऐकू यायचा. माझ्या जागी जालन्याकडचा एक ऑपरेटर बसवला होता. भोंगा वाजला की मी हातातलं काम सोडून कान द्यायची.

आपा जेवायला दुसरीकडे बसू लागल्या. मी त्यांच्याकडे जायचं धाडस केलं नाही. त्यांना माझी भीती वाटते असं मी धरून चालले.

घरी मी काहीच सांगितलं नाही. मिस्टर विचारायचे, आज किती मोटारी झाल्या, आणि मी अंदाजाने सांगायची. कंपनीत आजार लपवला, घरी काम लपवलं. मधे एकदा मी गोळ्याही बंद केल्या होत्या. गोळीच नसेल तर कुणाला सापडणार काय, असा माझा हिशेब. पावसाळ्यात घाटातली धडधड परत आली आणि मी मुकाट्याने परत दुसऱ्या मजल्यावर गेले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, फक्त विचारलं की काय झालं म्हणून बंद केल्या. मी म्हटलं, विसरले.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत मशिनींची पूजा असते. त्या दिवशी घरच्यांना बोलावतात. मांडव घालतात, पेढे वाटतात, पोरांना सगळी कंपनी फिरून बघता येते. जो तो आपापल्या मशिनीला हार घालतो, हळदकुंकू लावतो. आम्ही दर वर्षी जायचो. सासूबाई मात्र कधी आल्या नव्हत्या. त्या वर्षी मुलीनेच त्यांच्यामागे लकडा लावला, की आजी, आईचं मशीन बघायला चल. मी म्हटलं, तिथं फार चालावं लागतं, तुमचे गुडघे दुखतील. त्यांनी नवं लुगडं काढलं होतं. मिस्टरांना दुकानात दसऱ्याची गर्दी होती, म्हणून कंपनीच्या बसने आम्ही तिघीच गेलो.

मी मनाशी ठरवलं होतं की मांडवात बसवायचं, पेढा द्यायचा आणि परत आणायचं. पण मुलीने हात धरून ओढलं. "आई, आजीला तुझं मशीन दाखव ना!"

मी दोघींना टेस्टिंगला घेऊन गेले. दुसरं काय करणार होते? जालन्याचा ऑपरेटर तिथे पाटावर पूजेचं ताट मांडून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. काही न विचारता उठला, ताट माझ्या हातात दिलं आणि बाजूला झाला. ताई, तुम्हीच करा, म्हणाला. मी जाळीच्या दाराला कुंकू लावलं. मुलगी मोबाईलवर फोटो काढत होती. अक्षता टाकल्या त्या निम्म्या खालीच सांडल्या.

एवढ्यात साहेब फिरत फिरत तिथे आले. त्यांच्याबरोबर त्यांची बायको आणि ऑफिसातले आणखी काही लोक होते. त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं, ताई, तुमचं पॅकिंगचं टेबल तिकडं सजवलंय, घरच्यांना ते दाखवा की.

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मुलीने मोबाईल खाली घेतला. पॅकिंगचं म्हणजे काय, असं सासूबाईंनी मला विचारलं, मी ताट पाटावर ठेवायला वळले. मग त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, तब्येतीमुळे थोडे दिवस हलकं काम दिलंय, त्यांच्याच भल्यासाठी. मी सासूबाईंचा दंड धरला. आत्या, चला, म्हटलं. त्या हलल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. बाजारात भाव विचारावा तशा आवाजात बोलत होत्या.

"सायेब, मला बी असंच झालं हुतं. माझी पोरगी झाली तवा. मला कांद्याच्या चाळीत कोंडलं हुतं आमच्या लोकांनी. देवरशी आनला, धूर केला. गोळी कुनी दिली न्हाई. हिला गोळी मिळतीय, ही घरचं समदं करून तुमच्याकडं येतीय. मंग हिला हितनं काढलं कशापायी?"

साहेब म्हणाले, आपण बघू, आज सणाचा दिवस आहे. त्यांच्या बायकोने खाली बघितलं. आजूबाजूला बरेच लोक जमले होते, त्यात आपाही होत्या, नातवाचा हात धरून उभ्या. हे सासूबाईंचं मला माहीत नव्हतं. मिस्टरांनाही माहीत नव्हतं, हे घरी गेल्यावर कळलं. लोकांना वाटेल, त्या क्षणी माझा ऊर भरून आला असेल. नाही आला. मला फक्त त्या गप्प व्हायला हव्या होत्या. जे मी गालाला ओढणी लावून इतके महिने लपवलं ते त्यांनी हार घातलेल्या मशिनींच्या मधोमध, माझ्या मुलीसमोर, उघडं मांडलं होतं. मला त्यांची लाज वाटली. त्यांच्या लुगड्याची, त्यांच्या बोलण्याची, त्या चाळीची. हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण तेव्हा तेच वाटलं होतं.

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीबाहेर बघत बसली. सासूबाईंनी बऱ्याच वेळाने विचारलं, "माझं काय चुकलं का गं?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. घाट उतरून गेलो तरी मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्यांच्या बोलण्याने लगेच काही बरं झालं नाही, उलट बोलणी वाढली. दसऱ्यानंतर कामावर गेले तर कुजबुज ऐकली की हे त्यांच्या घराण्यातच आहे. मी त्या घरात लग्न होऊन आले, सासूचं दुखणं मला कुठून येणार, एवढा साधा विचारही कुणी केला नाही. मला राग यावा इतकं ते खुळ्यासारखं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा लाजेच्या जागी थोडा राग आला. मी एका मुलीच्या हातातलं कटर मागून घेतलं आणि टेप कापली. तिने दिलं. काही झालं नाही.

त्याच आठवड्यात आपा माझ्यापुढे डबा घेऊन येऊन बसल्या. त्यांनी डबा उघडला. मग त्या बोलायला लागल्या. म्हणाल्या, मला तुझी भीती वाटत नव्हती, राग आला होता. "मी तुला माझं सगळं सांगितलं. केसांचं, लग्नाचं, सगळं. आणि तू मला उसनं दुखणं सांगत राहिलीस. ते पण माझंच." मी म्हटलं, लाज वाटली आपा. त्या म्हणाल्या, लाज तर मलाही वाटली, पर्स मीच उघडली होती. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही, असंही म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या डब्यातली चटणी घेतली. पुढे काही विशेष बोलणं झालं नाही. आता तुझी खरी गोळी उपाशीपोटी घ्यायची का जेवून, एवढं मात्र त्यांनी विचारून घेतलं.

दिवाळीनंतर साहेबांनी बोलावलं. डॉक्टरांचं लेखी आणा म्हणाले, मग बघतो. मी त्या दिवशी एकटी गेले. जिन्यात गालाला हात लावला नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. पण पहिल्या मजल्यापर्यंत हात आपोआप वर गेलाच. डॉक्टरबाईंना या वेळी मी सगळं सांगितलं, गोळ्या विसरले नव्हते हेही. त्यांनी लिहून दिलं की मी माझं नेहमीचं काम करायला योग्य आहे. साहेबांनी तो कागद वाचून घेतला. काही दिवसांनी मला टेस्टिंगला परत घेतलं, पण अट घातली की शेजारी कायम दुसरा माणूस उभा राहील.

तो दुसरा माणूस म्हणजे जालन्याचा ऑपरेटर. तो बिचारा माझ्याहून जास्त अवघडून उभा राहायचा. मी मोजे घालताना, दार लावताना, वीज सोडायचं पेडल दाबताना त्याची नजर माझ्या हातांवर. कुणी नजर ठेवून असलं की साधं कामही परकं होतं. मी पूर्वी न बघता शिक्का मारायची, आता दोनदा बघून मारायची. काही महिन्यांनी ऑर्डरी वाढल्या, त्याला टेस्टिंगचं दुसरं मशीन दिलं आणि माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. तुमच्यावर आता विश्वास आहे, असं कुणी बोलून दाखवलं नाही. उभं राहायला माणूस उरला नाही, एवढंच. मी तेवढ्यावर खूश झाले, आणि तेवढ्यावर खूश झाले याचीही थोडी शरम वाटली.

सासूबाईंशी मी फार उशिरा बोलले. उन्हाळ्यात कांदा काढून झाला होता, आम्ही दोघी चाळीपुढे निवडायला बसलो होतो. ही चाळ नवी, सिमेंटच्या खांबांची. जुनी कधीच पडली. मी विचारलं की तेव्हा किती दिवस ठेवलं होतं? त्या म्हणाल्या, दिवस कोन मोजतंय. पोरीला तेवढं पाजायला आणायचे अन् परत न्यायचे. मग मी विचारलं, "आत्या, कंपनीत सगळ्यांसमोर सांगताना तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली की," त्या म्हणाल्या. हातातला कांदा त्यांनी दाबून पाहिला, सडका निघाला, मागे टाकला. "घरी आल्यावर लई वाटली. आठ दिस मी डेअरीवर गेल्ते का बघ. दूध तुझ्या नवऱ्यानं घातलं."

माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी माझ्याच लाजेत होते.

गोळी अजून चालू आहे, कमी झाली आहे. आपांना आणि घरी खरं माहीत आहे, बाकीच्यांना जे माहीत आहे ते आहे. नवी कुणी बाई कामाला लागते आणि डबा खाताना विचारते की कसली गोळी घेता, तेव्हा माझ्या तोंडाशी अजून थायरॉईडच येतो. कधी गिळते, कधी नाही. गेल्या महिन्यात एकीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, मनाची आहे. ती क्षणभर थांबली, मग हं म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली. माझे कान मात्र सुट्टी संपेपर्यंत गरम होते.